इतकी वर्षे का बोलली नाहीस?

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या ऑफिसात दाखल्यासाठी झुंबड उडते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी चाळिशी ओलांडलेली एक बाई पोरांच्या गर्दीमागे भिंतीला टेकून उभी होती. शिपायाने दोनदा विचारले, तरी ती "त्यांचे होऊ दे आधी" म्हणून थांबली. गर्दी सरल्यावर आत आली आणि म्हणाली, "ओळखलासा काय सर?"

ओळखले. तीस वर्षांच्या नोकरीत नावे विसरतात, पण चेहरे विसरत नाहीत. तिला अॅडमिशन रजिस्टरमधला जन्मतारखेचा उतारा हवा होता. वकिलांनी मागितला होता. मी क्लार्कला रजिस्टर काढायला सांगितले. तो कपाटाकडे गेला तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "सर, सत्तावीस वर्षांमागच्या गोष्टीची फिर्याद आता चालते काय? मी तेव्हा आठवीत होतो."

काय घडले ते मी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. "घरातलंच माणूस होतं," एवढेच म्हणाली. माझ्या तोंडून मात्र जो प्रश्न गेला, त्याची लाज मला अजून वाटते. मी म्हणालो, "अगं, मग इतकी वर्षे का बोलली नाहीस?"

ती काही बोलली नाही. उतारा घेतला, सही केली, "येतो सर" म्हणाली आणि गेली.

आमच्या जुन्या क्लार्कला रद्दी विकायची सवय नव्हती. त्यामुळे जुने हजेरीपट माळ्यावर गठ्ठ्यात बांधलेले सापडले. त्या वर्षी तिचा वर्गशिक्षक मीच होतो. जानेवारीपासून परीक्षेपर्यंत तिच्या नावापुढे गैरहजेरीची रांग होती आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एक शब्द होता : 'आजारी'. तो मला कोणी सांगितला, हे आठवत नाही. मी तिच्या घरी गेलो नव्हतो, हे मात्र नक्की आठवते. बोलली नाहीस का, असे विचारण्याचा अधिकार ज्याला सर्वांत कमी होता, त्यानेच तो प्रश्न विचारला होता.

मी इतिहासाचा एम.ए. आहे, कायद्याचा पदवीधर नव्हे. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यानंतर मी वकील मित्रांकडे बसलो, निकालपत्रे वाचली. वाचता वाचता लक्षात आले की 'इतक्या उशिरा का?' या एका प्रश्नालाच दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

या इतिहासाची सुरुवात मुंबईपासून करावी लागते. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात असल्याने तो आपलाही इतिहास आहे. १८८४ साली दादाजी भिकाजी याने रखमाबाई या आपल्या पत्नीवर मुंबई हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते आणि त्या कधीच नांदायला गेल्या नव्हत्या. लग्नाला इतकी वर्षे लोटल्यावर आलेला हा दावा केवळ उशिरा आला म्हणून कोणी बाजूला सारला नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की एक महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, असे त्या बाईंनी सांगितले. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडात वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतेला त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

या खटल्यात रखमाबाई प्रतिवादी होत्या, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. स्वतःहून फिर्याद घेऊन जाण्याचा दरवाजा त्यांना नव्हताच. नवऱ्याने कोर्टात ओढले म्हणून त्यांना कोर्टापुढे बोलता आले. ज्या काळात स्त्रीला बोलायला जागाच नव्हती, त्या काळात तिच्या उशिराचा हिशेब तरी कोण मांडणार?

पुढचा टप्पा वयाचा आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानात संमतीचे वय दहा वर्षे होते. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली. तिने दहा वर्षे ओलांडली होती, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही आणि त्याला केवळ एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यानंतर १८९१ साली हे वय बारा झाले. त्या विधेयकावरून आपल्याकडे पुण्यात केवढे रणकंदन झाले, हे आपण शाळेत शिकवतो. १९२५ साली विवाहबाह्य संबंधांपुरते ते चौदा, १९४९ साली सोळा आणि अलीकडे अठरा झाले. ही पायरी नीट लक्षात ठेवावी, कारण जुन्या घटनेला त्या वर्षीचाच कायदा लागतो. जे कृत्य घडले तेव्हा जो कायदा अमलात होता त्याखेरीज दुसऱ्या कायद्याने शिक्षा देता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेचे विसावे कलम सांगते. माझी विद्यार्थिनी आठवीत होती तेव्हा संमतीचे वय सोळा होते. म्हणूनच तिच्या वकिलांना जन्मतारखेचा उतारा हवा होता. आमच्या कपाटातले ते फाटक्या पुठ्ठ्याचे रजिस्टर कोर्टात किती मोलाचे असते, हे मला तेव्हा कळले.

अशा नोंदीवाचून काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. तिचे नाव पुस्तकांतून छापलेले आहे. मी ते लिहीत नाही. तिने उशीर केला नव्हता. ठाण्याबाहेर जमलेल्या लोकांना तिने त्याच रात्री सांगितले होते. पण ती सोळा वर्षांखालील होती याचा समाधानकारक पुरावा सेशन्स कोर्टाला मिळाला नाही. डॉक्टरांचा अंदाज चौदा ते सोळा असा होता. १९७४ साली सेशन्स कोर्टाने आरोपींना सोडले, १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा गाभा. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत अत्याचार झाल्यास आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास कोर्टाने ते गृहीत धरावे, खटला बंद दालनात चालावा, पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरावा, हे सारे त्या दुरुस्तीतून आले. सासरच्या छळासाठी ४९८-अ हे कलमही त्याच वर्षीचे. देसाईगंजच्या त्या मुलीच्या पदरात मात्र यातले काहीच पडले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे मुदतीकडे येतो. १८९८ च्या जुन्या फौजदारी प्रक्रियेत गुन्ह्याला सरसकट मुदत नव्हती. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने ती प्रथमच घातली. फक्त दंडाची शिक्षा असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षे. त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हीच पद्धत कायम आहे.

याचा अर्थ असा की बलात्काराच्या फिर्यादीला कायद्याने मुदत नाही; ती तीस वर्षांनीही देता येते. आपल्याकडे शिकल्यासवरल्या माणसांनाही हे ठाऊक नसते. विनयभंगाचे तसे नाही. २०१३ पूर्वी त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. म्हणून तेव्हाच्या विनयभंगाला तीन वर्षांची मुदत लागते. सासरच्या छळालाही तीच. मात्र विलंबाचे समाधानकारक कारण दिले किंवा न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटले, तर कोर्ट मुदत उलटल्यावरही दखल घेऊ शकते. वैवाहिक छळाच्या प्रकरणांत हा अधिकार उदारपणे वापरावा, असे सुप्रीम कोर्टाने १९९३ सालीच वांका राधामनोहरी खटल्यात सांगितले आहे.

मुदत नाही म्हणजे विश्वास बसतोच, असेही नाही. आरोपीचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारतो. पंजाबातील गुरमितसिंग खटला या बाबतीत मैलाचा दगड आहे. १९८४ साली दहावीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीला पळवून नेऊन तिच्यावर अत्याचार झाला. घरच्यांनी आधी पंचायतीकडे धाव घेतली आणि पोलिसांत नंतर गेले. खालच्या कोर्टाने या विलंबावर बोट ठेवले आणि आरोपी सुटले. जानेवारी १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. अशा गुन्ह्यात घरची अब्रू, मुलीचे भवितव्य यांचा विचार करूनच कुटुंब ठाण्याची पायरी चढते, म्हणून केवळ उशीर झाला या कारणाने फिर्याद संशयास्पद ठरत नाही, असे कोर्टाने म्हटले. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुजोऱ्याची सक्ती नाही, हेही त्याच निकालात आहे.

तामिळनाडूतील वाचाती या आदिवासी गावाची कथा तर याहून मोठी आहे. २० जून १९९२ रोजी चंदनतस्करी शोधण्याच्या नावाखाली वनखाते, पोलीस आणि महसूल खात्याची माणसे गावात शिरली. घरे उद्ध्वस्त झाली, अठरा स्त्रियांवर अत्याचार झाले. सुरुवातीला फिर्यादच घेतली जाईना. हायकोर्टाच्या आदेशाने १९९५ साली तपास सी.बी.आय.कडे गेला. सप्टेंबर २०११ मध्ये धर्मपुरीच्या कोर्टाने निकाल दिला, तेव्हा २६९ आरोपींपैकी ५४ मरण पावले होते. उरलेले सर्व २१५ दोषी ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टाने ती शिक्षा कायम केली. एकतीस वर्षे! ज्या मुली होत्या त्या प्रौढ बायका झाल्या, पण जबानीवरून हटल्या नाहीत.

यावर कोणी म्हणेल, जुन्या फिर्यादी उकरून निरपराध माणसालाही गोवता येईल. हा आक्षेप मी उडवून लावत नाही. मुदतीचा नियम आला तो याच विचाराने. साक्षीदार मरतात, आठवण पुसट होते, कागद हरवतात, आणि आरोपीलाही बचाव करणे अवघड जाते. शंकेचा फायदा आरोपीला, हे तत्त्व जुन्या खटल्यातही सुटत नाही. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून मला एक सांगावेसे वाटते. सभासदाची बखर शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारे सतरा वर्षांनी लिहिली गेली. म्हणून आपण ती फेकून देतो काय? नाही. दुसऱ्या साधनांशी ताडून पाहतो, कुठे विसंगती आहे ते तपासतो आणि मग तिचे मोल ठरवतो. उशिरा लिहिलेला कागद खोटा नसतो. तो तपासून घ्यावा लागतो, इतकेच. बखरीला आपण जो न्याय देतो, तो आपल्या लेकीबाळींच्या शब्दाला देताना हात का आखडता घेतो?

आता सीमाभागातील घरांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. आपल्या मुली चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, सावंतवाडी, गोवा अशा दिल्या जातात आणि तिकडच्या इकडे येतात. १९५६ साली रेघ ओढली गेली, पण सोयरीक थांबली नाही. लेक सासर सोडून माहेरी आली की वडीलधारी म्हणतात, "घडलं तिकडं, तर फिर्याद तिकडंच द्यायला पाहिजे." हे आता खरे राहिलेले नाही. एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी ठरवले की छळामुळे घर सोडून बाई जिथे आसऱ्याला आली, तिथल्या कोर्टातही ४९८-अ ची फिर्याद चालते. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, जवळच्या ठाण्याने माहिती नोंदवून घेतलीच पाहिजे, असे नवी संहिता सांगते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते आणि लिहून झाल्यावर ती वाचून दाखवण्याचे बंधन आहे. आपल्याकडे ती बहुधा कन्नडमध्ये लिहिली जाते. म्हणून सोबत कन्नड वाचता येणारे भरवशाचे माणूस असावे आणि काय लिहिले ते समजल्याशिवाय सही करू नये, असे मी आवर्जून सांगेन.

घरातल्या जुन्या छळासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. तो ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात शिक्षेपेक्षा संरक्षण, निवारा आणि पोटगी यांवर भर आहे. बाई जिथे तात्पुरती राहते तिथेही अर्ज करता येतो. कायदा येण्यापूर्वीची वागणूकही कोर्ट विचारात घेऊ शकते, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ साली भानोत खटल्यात सांगितले. घटनेपासून एका वर्षात अर्ज यायला हवा होता, असे म्हणून मद्रास हायकोर्टाने फेटाळलेला एक अर्ज २०२२ साली कामाची खटल्यात सुप्रीम कोर्टाने पुन्हा उभा केला. अर्जाला तशी मुदत नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

मुलांसाठी १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो कायदा आहे. तो मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे. त्या तारखेनंतर बालवयात अत्याचार झाला असेल, तर मोठेपणीही फिर्याद देता येते. केंद्र सरकारने २०१८ साली तसे स्पष्ट केले आहे. त्याआधीच्या घटनेला मात्र जुने दंडविधानच लागते. आम्हा शिक्षकांवर या कायद्याने एक जबाबदारी टाकली आहे. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवले नाही तर तो गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आजारी' असा शेरा लिहून मोकळे होण्याचे दिवस गेले. ते पूर्वीही नसायला हवे होते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असावी. स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत साधा अर्ज द्यावा लागतो. हा हक्क श्रीमंत घरच्या बाईलाही आहे, कारण घर श्रीमंत असले तरी पैसा तिच्या हातात असतोच असे नाही.

हे सगळे समजल्यावर मी वहीत टिपून काढले आणि तिला फोन केला. आधी त्या दिवशीच्या प्रश्नाबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे सर. घरी पण सगळे तेच विचारतात." मग तिला सविस्तर सांगितले. बलात्कार असेल तर मुदत नाही. तसे नसेल तर तीन वर्षांची मुदत उलटली आहे आणि कोर्टाला उशिराचे कारण पटवावे लागेल. हेही सांगितले की साक्षीपुरावा दुबळा पडू शकतो, वर्षे लागतील आणि उलटतपासणीत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येईल. तिच्या मनात खोटी आशा घालायची नव्हती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, तुमच्या त्या हजेरीची झेरॉक्स मिळेल काय? मी त्या टायमाला शाळेत येत नव्हतो, एवढं तरी कागदावर आहे." मी झेरॉक्स काढून, सही-शिक्का मारून दिली. 'आजारी' हा माझा शेरा तसाच ठेवला. तो खोडण्याचा मला अधिकार नाही. कोर्टात बोलावले तर तो मी कोणाच्या सांगण्यावरून, न विचारता लिहिला, हे मला शपथेवर सांगावे लागेल. ते सांगायची माझी तयारी आहे, असे मी तिला कळवले आहे. फिर्याद द्यायची की नाही हा निर्णय तिचा आहे. तो झाला की नाही, हे मी विचारलेले नाही.

शाळेत एक छोटा नियम केला आहे. कोणतीही मुलगी सलग आठ दिवस आली नाही, तर दोन शिक्षिका तिच्या घरी जातात, चहा घेतात आणि मुलीशी एकटीशी बोलतात. शेरा त्यानंतर लिहायचा. काही पालकांनी कुरकुर केली. करू देत.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज जवळ आली असेल. बहिणी माहेरी येतील. ओवाळून झाल्यावर, जेवणे आटोपल्यावर, मागच्या सोप्यात एखादी बहीण, आत्या किंवा भाची फार जुने काही बोलू लागेल. तेव्हा 'इतकी वर्षे का बोलली नाहीस?' हा प्रश्न ओठावर आला तर तो गिळावा. कोर्टाने तो प्रश्न सोडून द्यायला शंभर वर्षे घेतली. आपल्याला तेवढा वेळ नाही. तिला म्हणावे, "बोल, मी ऐकतोय." आणि खरोखरच ऐकावे.